तीन रथ, आणि आत बसलंय कोण?

अनवट | रविवार, रात्री ९.४०

अथेन्सच्या तटाबाहेर इलिसस नावाची एक छोटी नदी होती. उन्हाळ्यातल्या एका दुपारी सॉक्रेटिस आणि फीड्रस अनवाणी तिच्या पाण्यातून चालत जातात आणि एका पसरलेल्या चिनाराच्या सावलीत बसतात. वर झाडात किड्यांची किरकिर चालू आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादाची सुरुवात अशी होते. बोलणं प्रेमावर चाललेलं असतं. मध्येच सॉक्रेटिस म्हणतो, जीव खरोखर काय आहे हे सांगणं देवाचं काम, तो कशासारखा आहे एवढंच माणसाला सांगता येईल. आणि तो एक रथ उभा करतो.

या रथाला पंख आहेत. एक सारथी आणि दोन घोडे. देवांच्या रथांचे दोन्ही घोडे उत्तम, आपल्या रथाचा मात्र एकच तसा. तो पांढरा, ताठ मानेचा, त्याला चाबूक लागतच नाही, शब्द पुरतो. दुसरा काळा, आखूड मानेचा, डोळ्यांत रक्त उतरलेला, कानांवर केस वाढलेला, बहिरा. चाबूक आणि पराणी दोन्ही खाल्ल्यावर कसाबसा वळणारा. रथ आकाशाच्या कडेपर्यंत चढतो, पलीकडचं सत्य क्षणभर दिसतं, पण वाईट घोडा खाली ओढतो, रथांची रेटारेटी होते, पंख मोडतात आणि जीव जमिनीवर येऊन देह धरतो. पंख पुन्हा फुटायला दहा हजार वर्षं. तत्त्वज्ञानाचं आयुष्य लागोपाठ तीनदा निवडणाऱ्याला तीन हजार.

आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी सकाळी फोनवर एकत्र वाचन करतो. कठोपनिषद नुकतंच संपलं होतं, त्यामुळे फीड्रसचं हे पान आलं तसं 'आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु' आपोआप ओठांवर आलं. यम नचिकेताला सांगतो : आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं घोडे, आणि विषय म्हणजे त्या घोड्यांच्या वाटा. ज्याचं मन ताब्यात नाही त्याची इंद्रियं 'दुष्टाश्वा इव सारथेः'. चौघींनाही हर्ष झाला. अगदी तेच आहे की हे! दोन दिवस मी त्याच आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी दोन्ही रथ कागदावर काढायला घेतले. धाकट्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत, पेन्सिलीने. आणि तेव्हा दिसलं की प्लेटोच्या रथात एकच माणूस आहे आणि कठाच्या रथात दोन.

प्लेटोकडे सारथ्याच्या मागे कोणी बसलेलंच नाही. सारथी आणि दोन घोडे मिळूनच तो जीव. म्हणजे काळा घोडाही मीच. त्याला मारतो तोही मी, मार खातो तोही मी. कठात घोडे माझे आहेत, मी नव्हे. लगाम माझा, सारथी माझा, रथ माझा. 'मी' मागच्या आसनावर बसलेला, आणि तो काहीच करत नाही. एवढा मोठा फरक, आणि आम्ही चौघी शिकलेल्या बायका 'तेच आहे' म्हणून पुढे निघालो होतो.

मग तिसरा रथ आठवला. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातला. राजा मिलिंद म्हणजे मिनँडर, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, राजधानी सागल, जे आजचं सियालकोट मानतात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. तो भिक्खू नागसेनांना नाव विचारतो. ते म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव आहे, त्याच्या मागे कोणी व्यक्ती सापडत नाही. राजा कोंडीत पकडतो : मग चीवर (भिक्खूचं वस्त्र) कोण नेसतं, शील कोण पाळतं? तुमचे केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन विचारतात, महाराज, आपण चालत आलात की वाहनाने? रथाने. मग रथ दाखवा. ईसा (पुढचा दांडा) म्हणजे रथ का? आख (चाकांचा आस)? चाकं? वरचा सांगाडा? जू? लगाम? पराणी? प्रत्येकाला राजाचं उत्तर 'नाही'. या सगळ्यांची बेरीज? नाही. यांच्यावेगळं काही? नाही. मग महाराज, रथ तर कुठेच नाही, आपण खोटं बोललात!

या रथात शिरून पाहिलं तर प्रवासी नाही, सारथी नाही, आणि शेवटी रथही नाही.

मला एवढंच मांडायचं आहे. दोन संस्कृतींतलं साम्य सापडलं की आपण खूश होऊन पुस्तक मिटतो, आणि खरा अभ्यास नेमका तिथून सुरू व्हायचा असतो. चित्र एक आहे म्हणून विचार एक ठरत नाही. तिघांनी रथच निवडला, पण प्रत्येकाने वेगळी जागा रिकामी ठेवली. ती रिकामी जागा शोधावी असं मला वाटतं. तुम्हाला असे आणखी रथ भेटले आहेत का? आणि माझं वाचन कुठे चुकत असेल तर जरूर सांगा.

सह्यवाट | रविवार, रात्री १०.२५

धागा फार आवडला. पण एक गोष्ट तुम्ही टाळलीत असं वाटतं. हे साम्य योगायोगाने आलं हे पटत नाही. पुनर्जन्म, पंख गळून खाली येणं, हजारो वर्षांचे फेरे, हे सगळं ग्रीक मातीतलं वाटतच नाही. एक भारतीय माणूस अथेन्सला जाऊन सॉक्रेटिसला भेटला होता अशी कथा आहेच. त्याने विचारलं, तू कशाचा अभ्यास करतोस? माणसाच्या जगण्याचा, असं उत्तर आलं तेव्हा तो हसला, की दैवी काय ते कळल्याशिवाय माणूस कसा कळणार? प्लेटो त्याच सॉक्रेटिसचा शिष्य. रथ आपल्याकडून गेला असं मानायला काय हरकत आहे?

अनवट | रविवार, रात्री ११.०५

सह्यवाट, ती कथा मलाही मनापासून आवडते. ती आपल्यापर्यंत आली युसेबियसमुळे, म्हणजे इ.स. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकामुळे. मूळ सांगणारा अॅरिस्टॉक्सेनस हा अॅरिस्टॉटलचा शिष्य. म्हणजे कथा जुनी आहे, पण तीत रथ नाही. अलेक्झांडर पंजाबात आला इ.स.पूर्व ३२६ मध्ये, तोवर प्लेटोला जाऊन वीस वर्षं झाली होती. भारतात आलेला ग्रीक वकील मेगस्थनीस त्याच्याही नंतरचा. पुनर्जन्माचा विचार ग्रीकांकडे प्लेटोच्या आधी पायथागोरसच्या पंथात आणि एम्पेडोक्लिस या तत्त्वज्ञाकडे आहे. आणि रथाचं म्हणाल तर पार्मेनिडीस या प्लेटोच्या आधीच्या ग्रीक तत्त्वज्ञाचं काव्यच रथाने सुरू होतं : घोड्या त्याला दिवस-रात्रीच्या दारापर्यंत नेतात, आख तापून शीळ घालतो, आणि आत देवी भेटते. प्लेटोला उसनं घ्यायचंच असतं तर घरातच होतं.

पण समजा उद्या पुरावा मिळाला की रथ इथूनच गेला. तरी माझा प्रश्न उरतोच. मागचा प्रवासी वाटेत कुठे उतरला?

तिसरा_प्रहर | सोमवार, सकाळी ७.५०

प्रवासी कुठे उतरला याला एक साधं उत्तर असू शकतं. कवींच्या डोळ्यांसमोर कोणता रथ होता ते बघा. आपल्याकडचा आदर्श रथ युद्धाचा : लढणारा रथी आणि हाकणारा सारथी. महाभारतात तर सारथी कोण यावर लढाया फिरतात. कर्णाच्या रथावर शल्य बसतो आणि लढाईभर त्याचं मन खच्ची करतो. होमरच्या वीरांच्या रथातही दोघं असतात. पण प्लेटोच्या काळापर्यंत ग्रीकांच्या लढाईतून रथ गेला होता, उरला तो शर्यतीत आणि मिरवणुकीत. शर्यतीत हाकणारा एकटा. डेल्फीला सापडलेला सारथ्याचा ब्राँझचा पुतळा पाहा, इ.स.पूर्व पाचव्या शतकातला. लांब झगा, हातात लगामाचे तुकडे, एकटा उभा. माझा अंदाज असा की विचार आधी आला आणि रूपक नंतर, असं दर वेळी होत नसावं. अंगणात उभं असलेलं वाहनही विचाराला वळण देतं.

सह्यवाट | सोमवार, सकाळी ८.१५

हे वाचून थांबलो. माझ्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मोठा आहे हे मान्य. काल घाईने लिहिलं होतं.

विहारवाट | सोमवार, दुपारी १.३०

आमच्या घरी मिलिंदप्रश्न लहानपणापासून कानावर आहे. वडील विहारात वाचून दाखवायचे. त्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे रथाचा दाखला नागसेनांचा स्वतःचा नाही. ते वजिरा भिक्खुणीची गाथा उद्धृत करतात, आणि ती संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात आहे. श्रावस्तीजवळच्या अंधवनात ती ध्यानाला बसलेली असताना मार (साधकांना मोहात पाडणारा) येऊन विचारतो, हा प्राणी कोणी घडवला, याचा कर्ता कुठे आहे? ती उत्तर देते : 'यथा हि अङ्गसम्भारा होति सद्दो रथो इति'. भाग जुळले की 'रथ' हा शब्द होतो, तसे स्कंध (शरीर-मनाचे घटक) असले की 'प्राणी' हा व्यवहार होतो. या रथाची पहिली मालकीण एक बाई आहे, आणि तिचं नाव या धाग्यात असायलाच हवं.

दुसरी म्हणजे 'रथही नाही' या वाक्यावर थांबू नका. पुढे राजा म्हणतो, मी खोटं बोललो नाही, ईसा, आख, चाकं यांच्या आधाराने 'रथ' ही संज्ञा चालते. नागसेन म्हणतात, साधु, रथ आपल्याला बरोबर कळला! म्हणजे रथ नाहीसा झाला नाही, तो कसा असतो ते कळलं. माझ्या ओळखीतल्या अनेकांना अनत्त (कायमचा आत्मा नाही हा बौद्ध विचार) म्हणजे 'काहीच नाही' असं वाटतं, आणि मग ते विचारतात की कर्माची जबाबदारी कोणाची. याच ग्रंथात आंबेचोराची गोष्ट आहे. तो म्हणतो, मालकाने पेरला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे. सुटतो का? नाही, कारण हे त्यातूनच आले. रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तोच असतो का? 'न च सो, न च अञ्ञो.' तोही नाही आणि दुसराही नाही. माझ्या आयुष्यात वाईट सवय सोडताना मला या वाक्याने जेवढी मदत केली तेवढी कशानेच नाही.

मोगरवेल | सोमवार, दुपारी ३.१०

मिलिंद वाचला की मला कार्ल्याचं चैत्यगृह आठवतं. तिथल्या खांबांवरचे दानलेख पाहिले आहेत का कोणी? धेनुकाकट गावच्या लोकांनी दिलेले बरेच खांब आहेत आणि त्यांतले कित्येक दाते स्वतःला 'यवन' (तेव्हाच्या भाषेत ग्रीक) म्हणवतात. नावं मात्र सिहधय, धम अशी. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्ताने कोरवून घेतलं, धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा योनक, म्हणजे यवनच. बापाचं नाव बौद्ध, मुलाचं इंद्र आणि अग्नीवरून, कूळ यवन, आणि दान बौद्ध भिक्खुसंघाला. आपण 'दोन संस्कृती' म्हणतो तेव्हा ही माणसं कोणत्या खान्यात घालायची?

दीपशिखा | सोमवार, रात्री ९.००

अनवट, तुमचं एक वाक्य मला मान्य नाही. 'मागच्या आसनावर बसलेला, आणि तो काहीच करत नाही.' तुम्ही तिसरा मंत्र वाचून थांबलात. चौथ्या मंत्राची दुसरी ओळ बघा : 'आत्मेन्द्रियमनोयुक्तं भोक्तेत्याहुर्मनीषिणः'. इंद्रियं आणि मन यांच्याशी युक्त असलेल्या आत्म्याला भोक्ता म्हणतात. शंकराचार्य भाष्यात स्पष्ट सांगतात की केवळ आत्म्याला भोक्तृत्व नाही, ते बुद्धी वगैरे उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडल्या गेलेल्या गोष्टींमुळे, आलेलं आहे. आणि तिसऱ्या मंत्रातला रथी म्हणजे संसारी, कर्मफळ भोगणारा, असा अर्थ ते देतात. म्हणजे तुम्ही काढलेल्या चित्रातला तो निवांत बसलेला गृहस्थ उपनिषदातही तसा सुटा नाही. सगळं जोडलं गेल्यावर 'भोगणारा' दिसतो. हे नागसेनांच्या किती जवळ गेलं पाहा.

फरक पुढे आहे. कठ पायऱ्या चढत जातं : इंद्रियांपलीकडे अर्थ, अर्थांपलीकडे मन, मग बुद्धी, महान आत्मा, अव्यक्त, आणि शेवटी 'पुरुषान्न परं किञ्चित्', पुरुषापलीकडे काहीच नाही. तिथे टेकतं. नागसेनांना टेकायला जागा नको आहे. सातव्या शतकात बौद्ध आचार्य चंद्रकीर्ती हाच रथ घेऊन सात बाजूंनी शोध घेतात (भागांहून वेगळा, भागांशी एकच, भागांचा मालक, भागांमध्ये, भाग त्याच्यात, नुसती रास, नुसता आकार) आणि सातही दारं बंद करतात. मी वेदान्ताची विद्यार्थिनी आहे आणि माझं मन पुरुषापाशी टेकतं, हे उघडपणे सांगते. पण चंद्रकीर्ती वाचल्यापासून ते टेकणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

निळी_शाई | सोमवार, रात्री ९.४५

भाषांतराचं काम करते म्हणून एक सांगते. प्लेटोच्या 'सायकी' या मूळ ग्रीक शब्दाला मराठीत सर्रास 'आत्मा' लिहितात. तिथेच घोळ होतो. सायकीला भाग आहेत, तिच्यात ओढाताण आहे, तिच्यात हाव आहे. कठातला आत्मा असा नाही. प्लेटोच्या सारथ्याला आणि घोड्यांना मराठीत आणायचं तर 'अंतःकरण' जास्त जवळचं, आणि मग लक्षात येतं की प्लेटोचा संपूर्ण रथ कठातल्या सारथी-लगाम-घोड्यांच्या पट्ट्यातच मावतो. अनवट यांनी पहिल्या पोस्टमध्ये 'जीव' लिहिलं ते पाहून बरं वाटलं. तिथे 'आत्मा' लिहिलं असतं तर हा फरक दिसलाच नसता, शब्दाने आधीच निकाल दिला असता.

पाचोळा | मंगळवार, सकाळी ६.३०

मी वाणिज्य शाखेचा, संस्कृत दहावीपर्यंत. काल रात्री सगळा धागा दोनदा वाचला. कुठून सुरुवात करू? आणि हे सगळं एकदम वाचायचं म्हटलं तर गोंधळ होणार नाही का?

अनवट | मंगळवार, सकाळी ८.००

पाचोळा, एकदम वाचू नका. कठोपनिषद लहान आहे, महिनाभरात होतं. मोठ्याने वाचा, अर्थ दुसऱ्या वाचनाला येईल. मिलिंदप्रश्न हिंदीत भिक्षू जगदीश काश्यप यांचा आहे, तो सहज वाचता येतो. पहिल्या काही प्रश्नांनंतर थांबलात तरी चालेल. चिनी भाषेत गेलेली जुनी आवृत्ती बरीच आखूड आहे, पालीतले पुढचे बरेच भाग तिच्यात नाहीत. फीड्रस शेवटी घ्या, आणि त्यातलं रथाचं पान येईपर्यंतचा कंटाळा सहन करा.

आणि सोबत एक तरी माणूस हवा, ज्याचं आपल्याशी पटत नाही. मिलिंदाशी पुढची चर्चा करण्याआधी नागसेन अट घालतात : पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. पंडित एकमेकांचं म्हणणं उलगडतात, खोडतात, चूक मान्य करतात आणि रागावत नाहीत. राजे एक मुद्दा मांडतात आणि तो न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिनँडर राजा असून पंडितांसारखं बोलायला कबूल होतो. मला त्याच्याबद्दल अतिशय आदर वाटतो.

सुताराचा_नातू | मंगळवार, रात्री १०.१५

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या आजोबांनी आणि वडिलांनी आयुष्यभर बैलगाड्या बांधल्या. आमची स्वतःची गाडी आठ वर्षांपूर्वी मोडीत काढली. बैल आधीच विकले होते. चाकं एका ढाब्यावाल्याने दारात शोभेला नेली. लोखंडी आख भंगारात गेला. जू माळ्यावर आहे. साटीच्या फळ्यांचा दिवाण केला, त्यावर मी झोपतो. मिलिंदाला विचारलेले प्रश्न वाचताना अंगावर काटा आला, कारण मी ते पाहिलं आहे. एकेक वस्तू जात होती आणि आई अंगणात उभी राहून विचारत होती, आता हिला गाडी म्हणायचं का? कोणत्या वेळेला ती गाडी राहिली नाही ते आमच्यातल्या कोणालाच सांगता आलं नाही.

काळ्या घोड्याबद्दल. एक बैल गरीब आणि एक उधळ्या असा जोड लागला की गरीब बैलाचाच खांदा सुजतो, कारण तो दोघांचं ओढतो. प्लेटोने हे लिहिलंय का माहीत नाही. पण ज्याने अशी जोडी हाकली आहे त्याला ते ठाऊक असतं.

आज वडिलांना फोन केला. विचारलं, आप्पा, लाकडाची गाडी कधी होते? ते म्हणाले, धाव चढली की चाक होतं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लोखंडी धाव शेण्यांच्या आरात लाल करतात, चाकावर ठोकून बसवतात आणि वरून पाणी ओततात. ती आवळते तसे आरे तुंब्यात करकरत घट्ट बसतात. तो आवाज मी लहानपणी खूप ऐकलाय.) मी म्हणालो, चाक नाही, गाडी. ते जरा थांबले. म्हणाले, बैल जुंपल्यावर. तवर ती लाकडंच.

दीपशिखा | मंगळवार, रात्री १०.४०

'युक्त' म्हणजे जुंपलेलं. युज् धातू, जू त्याच कुळातलं. 'आत्मेन्द्रियमनोयुक्तं' मी किती वर्षं 'संयुक्त' म्हणून वाचत होते. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

अनवट | बुधवार, सकाळी ७.१५

काल रात्री उशिरापर्यंत चौघी फोनवर होतो. मूळ पोस्टमधलं 'आणि तो काहीच करत नाही' हे वाक्य चुकीचं आहे. ते तिथेच ठेवते, म्हणजे दीपशिखा यांचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल, पण खाली तळटीप घालते. वजिरा भिक्खुणीचं नावही जोडते. चित्रकलेच्या वहीत कठाचा रथ पुन्हा काढला आहे. या वेळी आधी जू काढलं.

मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात रथविनीत सुत्त आहे. त्यात कोसलाचा राजा प्रसेनजित श्रावस्तीहून साकेतला जाताना वाटेत सात रथ बदलतो, आणि मंतानीपुत्र पुण्ण सारिपुत्ताला (दोघेही बुद्धाचे शिष्य) विचारतो त्याच्या उत्तरात सातही रथ सोडून द्यायचे असतात. हा चौथा रथ मला अजून नीट कळलेला नाही. शनिवारी त्यावर वेगळा धागा काढते. सुताराचा_नातू, तुम्ही यायचंच.

विहारवाट | बुधवार, सकाळी ९.०५

एक छोटी दुरुस्ती : प्रश्न विचारणारे सारिपुत्त, उत्तर देणारे पुण्ण. आणि आपण कोणाशी बोलतोय हे पुण्णांना अगदी शेवटी कळतं. बाकी शनिवारी.

अनवट | बुधवार, सकाळी ९.२०

हो, उलटं लिहिलं मी. धन्यवाद.